मुलाला वाचवायचं तर आई-बापांकडे जावं लागेल

२००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं मुलांवरच्या अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो तयार झाला होता आणि त्यात महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांमागे दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ ८९ टक्के मुलांना मारणारे हात आई-वडिलांचेच होते. अनोळखी माणसापासून सावध राहा, असं आपण मुलांना शिकवतो. हे आकडे मात्र आपल्याच घराच्या उंबऱ्याच्या आत बोट दाखवतात.

त्यानंतर देशानं काहीच केलं नाही असं नाही. २०१२ मध्ये पोक्सो कायदा आला, २०१५ मध्ये बाल न्याय कायदा नव्यानं झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समित्या बसल्या. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन देशभर पोहोचली. यातली एकही गोष्ट मला अनावश्यक वाटत नाही. पण ही सगळी यंत्रणा हलते ती मुलाच्या अंगावर वळ उठल्यावर, शेजाऱ्यानं फोन केल्यावर, दवाखान्यात कुणाला तरी शंका आल्यावर. दीड वर्षाच्या मुलाला फोन करता येत नाही, आणि माणसाच्या आयुष्याचा पाया तर त्याच वयात घातला जातो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, ज्या घरात मुलावर हात उठण्याची किंवा त्याची आबाळ होण्याची शक्यता दिसते, त्या घरात सरकारचं माणूस पोलिसांच्या कितीतरी आधी पोहोचायला हवं. मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत, आणि आई-बापांच्या बाजूचं माणूस म्हणून. असं माणूस आपल्याकडे वस्तीवस्तीत आहे: अंगणवाडी सेविका. आपण तिला हे काम करायला उसंत दिलेली नाही.

लहान मुलाची वाढ कशी होते याबद्दल आपल्या मनात अजूनही वजन, उंची, लसी आणि दात एवढंच येतं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात केलेला एक साधा प्रयोग मला इथे आठवतो. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते, हसते. मग तिला सांगितलं जातं की, थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेव. बाळाकडे बघ, पण काहीही प्रतिसाद देऊ नकोस. बाळाला बदल लगेच कळतो. ते आधी हसून बघतं, मग हुंकार देतं, हात पुढे करतं, बोटानं काहीतरी दाखवतं, आईला परत खेळात ओढायचे आपल्याजवळचे सगळे उपाय करून बघतं. काही जमत नाही म्हटल्यावर चित्कारतं, तोंड फिरवतं, अंग सोडून बसतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. आई मग पुन्हा हसते, बाळाला जवळ घेते, आणि हळूहळू दोघांचं जुळतं.

या प्रयोगातला शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुठल्याही घरात आई दिवसभर बाळाकडे लक्ष देऊ शकत नाही. दूध उतू जातं, फोन वाजतो, दुसरं मूल पडतं. तुटणं रोजचंच आहे. तुटल्यावर पुन्हा जुळतं की नाही, यावर मुलाचं मन घडतं. जिथे पुन्हा पुन्हा जुळतं तिथे मूल शिकतं की, मी हाक मारली तर कुणीतरी येतं. जिथे जुळतच नाही, किंवा हाकेला उत्तर म्हणून धपाटा येतो, तिथे मूलही काहीतरी शिकतंच. ते रडणं सोडून देतं, आणि आजूबाजूची माणसं कौतुकानं म्हणतात, किती शहाणं बाळ आहे, अजिबात त्रास देत नाही.

त्याहून अवघड परिस्थिती असते ती घाबरवणाऱ्या घरातल्या मुलाची. भीती वाटली की लहान मूल आईकडे किंवा बापाकडे धावतं; तो त्याचा जन्मजात स्वभाव आहे. पण ज्याच्याकडे धावायचं तोच भीतीचं कारण असेल तर? १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचं वागणं नोंदवलं. मूल आईकडे जायला निघतं आणि वाटेतच थिजून उभं राहतं. जवळ जातं, पण तोंड फिरवून. हात वर करतं आणि अर्ध्यावर सोडून देतं. हा हट्ट नसतो, वेंधळेपणाही नसतो. त्या मुलाजवळ भीतीवर उपायच उरलेला नसतो. अशी मुलं पुढे शाळेत मारामारी करताना, छोट्या गोष्टीवर भडकताना किंवा एकटी पडलेली जास्त दिसतात. शरीरातही त्याची खूण राहते. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. आबाळ झालेल्या बऱ्याच मुलांमध्ये हा दिवसाचा चढउतारच सपाट झालेला आढळतो.

हे सगळं वाचून मन खचतं, पण खचण्याची गरज नाही. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या मेरी डोझिअर यांनी अशाच घरांसाठी एक कार्यक्रम बांधला. बालसंरक्षण यंत्रणेच्या नजरेत आलेली कुटुंबं, दोन वर्षांच्या आतबाहेरची मुलं, घरी येणारी एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि फक्त दहा भेटी. शिकवायचं काय, तर मोजक्याच गोष्टी. मूल दुखावलं की त्याला जवळ घ्यायचं, त्यानं ढकललं तरी. मूल खेळत असेल तेव्हा आपण पुढाकार न घेता त्याच्या मागे जायचं आणि त्यात आनंद दाखवायचा. आणि त्याला घाबरवायचं नाही, ओरडून नाही आणि गंमत म्हणूनही नाही. १२० मुलांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या प्रकारचं मार्गदर्शन मिळालेल्या घरांत ५७ टक्के मुलांचं आई-बापांशी नातं वर सांगितलं तसं विस्कटलेलं होतं. या कार्यक्रमातल्या घरांत ते प्रमाण ३२ टक्के निघालं. दहा भेटींच्या मानानं हा फरक थोडा नाही.

या पद्धतीचं मर्म व्याख्यानात नाही, हे मला एका वस्तीत समोर बघायला मिळालं. एका संस्थेच्या ताईंबरोबर मी गेले होते. खोली एवढीशी, ओट्यावर दोन शेगड्या, आई डब्यांच्या पोळ्या लाटत बसलेली. तिचं अकरा महिन्यांचं पोरगं खाली बसून डब्याचं झाकण फरशीवर आपटत होतं. "ए, गप ए! डोकं उठवलंस सकाळपासून," म्हणून तिनं हातातलं लाटणं उगारलं. पोर थांबलं आणि तिच्याकडे बघत राहिलं. ताईंनी उपदेश केला नाही, लाटण्याकडे बघितलंही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज थांबवून तुझ्याकडंच बघतोय गं. चिडलीस का, विचारतोय तुला." आई म्हणाली, "ह्याला काय कळतंय ताई?" "कळतंय. हसून बघ जरा." ती हसली, जराशी ओशाळूनच. पोर खुदकन हसलं आणि झाकण तिच्याकडे सरकवलं. तिनं कणकेचा एक गोळा त्याच्या हातात दिला. ताई लगेच म्हणाल्या, "बघ, त्यानं तुला झाकण दिलं, तू त्याला कणीक दिलीस. गप्पाच चालल्यात की तुमच्या." मग पोळ्या लाटता लाटता ती बाई आपणहून बोलायला लागली. नवऱ्याचं काम सुटल्याचं, सासूच्या आजारपणाचं, रात्री झोप न लागण्याचं. तिच्या आई असण्याबद्दल बऱ्याच दिवसांत कुणी चांगला शब्द काढला नसावा, असं मला तेव्हा वाटलं.

आता आपल्या यंत्रणेकडे बघू. घरी जाऊन मूल वाचवणं ही गोष्ट महाराष्ट्राला कुणी बाहेरून शिकवलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथल्या नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. आज देशभरातल्या आशाताई बाळंतपणानंतर पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जातात आणि पुढे पंधरा महिन्यांपर्यंत आणखी पाच भेटी ठरवून दिलेल्या आहेत. त्याचं मूळ गडचिरोलीतल्या त्या झोपड्यांमध्ये आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि तिथे त्यांना दिसलं की गरीब घरातली मुलं बालवाडीपर्यंत येतच नाहीत. मग त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुलाला धाक दाखवून शिकवता येत नाही, हे या दोघींनी आयुष्यभर करून दाखवलं. आपला वारसा एवढा मोठा आहे.

मग आजची गृहभेट कशी असते? सेविका येते, बाळाचं वजन करते, उंची मोजते, घरी न्यायच्या आहाराची पाकिटं देते, फोनवर नोंद करते. आता त्यात चेहऱ्याची पडताळणीही आली आहे. नेटवर्क नसेल तर आईला घेऊन अंगणाच्या कडेला उभं राहावं लागतं. आई आणि मूल एकमेकांशी कसं वागतात, हे बघायला या सगळ्यात वेळ कुठून काढायचा? राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत, आणि प्रत्येकीकडे साधारण चारशे ते आठशे लोकवस्तीची जबाबदारी. त्यात सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, पल्स पोलिओ. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घ्यायचं कामही तिच्यावर आलं. मानधन आणि ग्रॅच्युइटीसाठी याच बायकांना डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत संपावर राहावं लागलं. जिच्याकडून आपण दुसऱ्याच्या घरातला ताण हलका करण्याची अपेक्षा धरतो, तिच्या स्वतःच्या घरातल्या ताणाचा विचार कुणी करायचा?

कागदावर काही चांगलं घडलं आहे, ते सांगायलाच हवं. २०२४ मध्ये केंद्रानं 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी महिन्यावार खेळ, गप्पा, गाणी, कामातल्या वस्तूंशी खेळणं असं त्यात मांडलेलं आहे. हे सेविकेनं घरोघरी जाऊन आई-वडिलांना दाखवावं, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. पण दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि एक पुस्तिका एवढ्यावर कुणाच्या घरातला हात खाली येत नाही. आई ओरडते आहे, मूल थिजलं आहे, अशा क्षणी काय बोलावं आणि काय बोलू नये, ही कला आहे. ती सोबत जाऊन, बघून, नंतर त्यावर कुणाशी तरी बोलूनच येते. आपल्याकडे पर्यवेक्षिका येते ती रजिस्टर तपासायला. तिनं महिन्यातून एकदा सेविकेबरोबर एका अवघड घरी जाऊन बसावं, आणि परतताना दोघींनी त्या घराबद्दल बोलावं. एवढा एक बदल झाला तरी मी त्याला मोठी सुधारणा म्हणेन.

पाकिटं आणि नातं यांतला फरक जमैकातल्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसला. १९८० च्या दशकात किंग्स्टनमधल्या, वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांची निवड झाली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी एक साधी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत होती. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर आहाराचा वेगळा परिणाम उरलेला नव्हता. ज्यांच्या घरी ती बाई जात होती ती मुलं मात्र मोठी होऊन इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमवत होती. आहार नको असं मी मुळीच म्हणत नाही. उपाशी मुलाशी खेळायला जाणं क्रूरपणा होईल. पण मेळघाटापासून नंदुरबारपर्यंत आपण मुलांचं वजन मोजत आलो आहोत, आणि भरवणारा हात कसा आहे याची नोंद आपल्या कुठल्याच रकान्यात नाही.

यावर आक्षेप येतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारा म्हणजे, आम्हीही मार खाऊनच मोठे झालो, आमचं काय बिघडलं? ज्यांचं बिघडलं ते हे वाक्य म्हणायला पुढे येत नाहीत, एवढंच त्यावर सांगता येईल. शिवाय मार खाऊनही जे धड राहिले, त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादी आजी, मावशी, शेजारीण किंवा शिक्षक होता, ज्याच्याकडे धाव घेता येत होती. शहरातल्या भाड्याच्या खोलीत तो आधार उरलेला नाही. आपल्या कायद्यानंही या बाबतीत दोन दरवाजे ठेवले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शाळेतली छडी बंद केली. घरातल्या छडीवर मात्र अशी थेट बंदी नाही. उलट बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं सद्हेतूनं केलेल्या कृतीला संरक्षण देणारं जुनं कलम नव्या भारतीय न्याय संहितेतही २८व्या क्रमांकावर जसंच्या तसं आलं. स्वीडननं १९७९ मध्येच घरातल्या मारावर बंदी घातली, नेपाळनं २०१८ मध्ये. आपणही घालावी असं माझं मत आहे. पण घरी जाणारं, मदत करणारं कुणी नसताना नुसता कायदा आणला तर तो फक्त झोपडपट्टीतल्या आईवर चालेल. बंगल्याच्या भिंतीतून आवाज बाहेर येत नाही.

हाच दुसऱ्या, जास्त गंभीर आक्षेपाचा धागा आहे. तुम्ही गरीब बाईलाच पुन्हा दोषी ठरवताय का? दारू पिणारा नवरा, कर्ज, पाणी भरायची रांग, बारा तास काम, आणि वर तिनं बाळाशी हसून खेळावं ही अपेक्षा? हा आक्षेप मी झटकणार नाही, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात १९७० च्या दशकाअखेरीस डेव्हिड ओल्ड्स यांनी परिचारिकांच्या गृहभेटी सुरू केल्या. पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या मुलांच्या छळाच्या आणि आबाळीच्या नोंदी जवळपास निम्म्यानं कमी आढळल्या. पण त्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात हेही दिसलं की, ज्या घरात बाईला नवऱ्याकडून वारंवार मारहाण होत होती तिथे या भेटींचा उपयोग झाला नाही. बाईच्या पाठीवरचा मार थांबवल्याशिवाय पोराच्या पाठीवरचा थांबत नाही. म्हणून अंगणवाडी, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि व्यसनमुक्तीची सोय ही तीन खाती तीन दिशांना राहून चालणार नाही. सेविकेला हिंसा दिसली तर तिनं कुणाला फोन करायचा आणि तो फोन कोण उचलणार, हे तिला नावानिशी माहीत असलं पाहिजे.

आणि आईच्या मनाचं काय? बाळंतपणानंतर येणाऱ्या नैराश्याला आपल्याकडे 'अंगावर येतंय', 'बाहेरचं असेल', 'कामचुकार झालीय' असली नावं मिळतात. शेजारच्या पाकिस्तानात, रावळपिंडीजवळच्या खेड्यांमध्ये अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी आपल्या आशाताईंसारख्याच आरोग्यसेविकांना मनाच्या आजारावर बोलायचं सोपं तंत्र शिकवलं. सहा महिन्यांनी त्यांच्या गटातल्या २३ टक्के बायकांमध्ये नैराश्य उरलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्के. हे २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. सिंधमध्येही अशाच सेविकांनी आईला बाळाच्या इशाऱ्यांना प्रतिसाद द्यायला शिकवलं, आणि मुलांच्या भाषेत, समजेत फरक दिसला. परदेशी संशोधन आपल्याकडे चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी या दोन्ही कामांकडे बघावं. तिथलं दारिद्र्य, तिथली सासू, तिथला मुलगाच हवा हा हट्ट, यातलं काहीही आपल्याला अनोळखी नाही.

बापांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपली सगळी भाषा 'माता', 'माता-बाल', 'मातृवंदना' अशी आहे. सेविका सकाळी अकरा वाजता जाते तेव्हा बाप घरी नसतो, आणि मग त्याला सगळ्यातूनच सूट मिळते. रविवारी, सणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी त्याच्यासाठी काहीतरी असलं पाहिजे. पोराला खांद्यावर घेऊन पारावर जाणारा बाप मी पाहिला आहे. त्याला कुणी हसलं की तो दुसऱ्या दिवशी पोराला घरी ठेवून येतो. त्याचं कौतुक गावातल्या चार लोकांसमोर करायचं काम सरपंचही करू शकतो.

राहिला सरकार घरात शिरण्याचा प्रश्न. २०११ मध्ये नॉर्वेतल्या बालसंरक्षण यंत्रणेनं एका भारतीय कुटुंबातली दोन लहान मुलं ताब्यात घेतली, तेव्हा इथे केवढा संताप उसळला होता! त्या भीतीला मी हसत नाही. मूल आई-बापांपासून तोडणं ही फार मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि संस्थेत वाढणं लहान मुलाला किती महाग पडतं हे रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांच्या अभ्यासानं दाखवलं. त्यांतल्या ज्या मुलांना दोन वर्षांच्या आत पालककुटुंबात हलवलं, त्यांनी माया लावायला आणि घ्यायला बरंच पुन्हा शिकून घेतलं. उशीर झालेल्यांना ते जड गेलं. आपला बाल न्याय कायदाही संस्था हा शेवटचा उपाय मानतो. म्हणूनच मूल उचलून न्यायची वेळ येऊ नये यासाठी आधीच्या भेटी हव्यात. घरी जाणारी बाई खबरी आहे असं वस्तीला वाटलं की दारं बंद होतील. मात्र एक रेघ तिनं पहिल्याच भेटीत मोकळेपणानं सांगून ठेवावी: लैंगिक अत्याचार किंवा जिवावर बेतणारी मारहाण दिसली तर ती गप्प बसणार नाही. पोक्सोखाली तर माहिती देणं बंधनकारकच आहे. बाकी सगळ्या बाबतीत ती त्या घराच्या बाजूची.

आणि मदत हातात काहीतरी घेऊन गेली पाहिजे. एकट्या पडलेल्या, संकटातल्या पालकाच्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये आहेत. टाकून दिलेल्या बाईला या योजना माहीतच नसतात, किंवा कागदांच्या फेऱ्यांत ती दमून जाते. घरी येणाऱ्या ताईनं तो अर्ज पूर्ण करून दिला, तर तिच्या पुढच्या बोलण्याला त्या घरात वजन येतं.

माझ्या या सगळ्या म्हणण्याची खरी परीक्षा आहे ती ऊसतोडीत. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन निघतात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, दोघांच्याही अंगावर. पहाटे अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. तान्हं मूल उसाच्या सरीत झोळीत, नाहीतर कोपीपाशी, म्हणजे राहायच्या झोपडीपाशी, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण शाळा सोडून आलेली. ज्यांना शक्य ते पोराला गावी आजीपाशी ठेवतात, म्हणजे पाच-सहा महिने आई नाही. परत आल्यावर पोर ओळख देत नाही, आईला ते लागतं, आणि मग ती म्हणते, आजीनं लाडावून ठेवलंय. याला आबाळ म्हणायचं का? मुलाच्या बाजूनं बघितलं तर हो. पण इथे आरोपी शोधायचा असेल तर तो कोपीत सापडणार नाही. इतक्या दमलेल्या माणसाकडे संध्याकाळी पोराच्या हाकेला ओ द्यायचं बळ उरत नाही. अशा जागी नात्यावर काम करायचं म्हणजे आधी फडाजवळ पाळणाघर हवं, दिवसातून दोनदा आईला बाळाला पाजायला सुटी हवी, आणि ती सुटी उचलीतून कापली जाता कामा नये. मोठ्या मुलांसाठी वसतिगृहं आणि साखरशाळा यांची चर्चा तरी होते. तीन वर्षांखालचं मूल कुणाच्याच हिशेबात नाही.

गावातल्या सेविकेच्या यादीत ते मूल सप्टेंबरपर्यंत असतं. नंतर 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि मार्चपर्यंत त्याचं काय झालं याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवायची सोय आहे. कारखान्याला टोळ्या कुठून कुठे गेल्या हे ठाऊक असतं, कारण त्याचा सगळा हंगाम त्यावरच चालतो. ही दोन माहितीची टोकं जोडणं जिल्हा परिषद आणि साखर आयुक्तालय यांना अवघड नाही. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची यादी टोळी गाव सोडायच्या आधी कारखान्याजवळच्या अंगणवाडीत पोहोचलेली हवी, आणि टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात कोपीच्या दाराशी जाऊन "बाळ कसंय गं?" असं विचारणारी एक ताई तिथे नेमलेली हवी.